कोर्टाची पायरी चढण्याआधी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले गेले. आता मात्र घरातली शहाणी मुलेच ती पायरी चढायला निघाली आहेत आणि तीही बारावी होताच. मेडिकल-इंजिनीअरिंगच्या जोडीला कायद्याचे नाव घेतले जाऊ लागले. त्यामागोमाग प्रवेश परीक्षा आली, क्लासच्या जाहिराती आल्या आणि आईवडिलांची घालमेलही आली.

कायद्याचे शिक्षण आपल्याला नवे नाही. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचे, पुण्याचे आयएलएस १९२४ सालचे. पण अनेक घरांत कायदा हा पदवीनंतरचा विचार असे. बीए, बीकॉम व्हावे, जमल्यास नोकरी धरावी आणि जोडीला एलएलबी करावे. १९८७ साली बंगळूरला राष्ट्रीय विधी विद्यालय स्थापन झाले. एन. आर. माधव मेनन यांनी तेथे बारावीनंतरचा पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम नावारूपाला आणला आणि मग राज्याराज्यांत तशी विद्यापीठे निघाली. महाराष्ट्रात ती मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत.

सुरुवातीला प्रत्येक विद्यापीठाची परीक्षा वेगळी, अर्ज वेगळा, शुल्कही वेगळे. २००८ साली सात विद्यापीठांनी मिळून एकच परीक्षा घेतली, तीच ‘क्लॅट’. आज तिच्यात वीसहून अधिक विद्यापीठे आहेत. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र ‘आयलेट’ ही स्वतःची परीक्षा घेते.

या परीक्षेत नेमके काय पाहतात? कलमे पाठ करावी लागतात, असा पुष्कळांचा समज आहे. २०२० सालापासून परीक्षेचे स्वरूप बदलले. आता उतारा देतात आणि त्यावर प्रश्न विचारतात. दोन तासांत १२० प्रश्न. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क आणि थोडे गणित. गणित दहावीच्या पातळीचे, म्हणजे टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी.

कायद्याच्या प्रश्नाचा एक नमुना पाहा. समजा, उताऱ्यात नियम दिला आहे: कुत्रा चावरा आहे हे मालकाला आधी ठाऊक असेल, तरच मालक भरपाईला जबाबदार. आता घटना अशी. शेजाऱ्यांचा कुत्रा आजवर कुणावर साधा भुंकलेलाही नाही. एके दिवशी तो पोस्टमनला चावतो. मालक श्रीमंत आहे, पोस्टमन गरीब. भरपाई मिळेल का? आपले मन लगेच ‘मिळायलाच हवी’ म्हणते. दिलेल्या नियमानुसार उत्तर ‘नाही’ असे आहे. प्रत्यक्षातला कायदा काय म्हणतो, हा येथे प्रश्नच नाही. आपली दया, राग आणि ऐकीव माहिती बाजूला ठेवून समोरचा मजकूर वाचता येतो का, एवढेच पाहायचे असते. वकिलाचे निम्मे काम हेच तर आहे!

दुसरी गोष्ट संयमाची. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. ८० उत्तरे बरोबर आणि ४० चुकीची देणाऱ्याला ७० गुण मिळतात. ७५ बरोबर, फक्त पाच चुकीची आणि उरलेले प्रश्न सोडून देणाऱ्याला पावणेचौऱ्याहत्तर. न येणारे सोडून देणे हीही शिकण्याचीच गोष्ट आहे.

म्हणून तयारी महागड्या पुस्तकांपासून नव्हे, रोजच्या वर्तमानपत्रापासून सुरू करावी. एक अग्रलेख वाचावा आणि स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. लेखकाचे म्हणणे काय? त्याला आधार काय? त्याने काय गृहीत धरले? रविवारी घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी आणि चुका वहीत उतरवून ठेवाव्यात.

मात्र खरी अडचण येथेच आहे. क्लॅट इंग्रजीतूनच होते. उदगीर किंवा गडहिंग्लजची मराठी माध्यमातली मुलगी तर्कात कुणाला हार जाणार नाही. पण वाचनाच्या वेगात मागे पडते. परीक्षा भारतीय भाषांतही घ्यावी, अशी याचिका २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयात झाली. परीक्षा अजून इंग्रजीतच होते. या मुलीने अकरावीपासूनच रोज इंग्रजीचे एक पान वाचायला हवे. अशा मुलांना हात देण्यासाठी प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० साली ‘आयडीआयए’ हा उपक्रम सुरू केला.

दुसरी वाटही आहे. महाराष्ट्राची विधी सीईटी २०१६ पासून होते. तिची प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीतही असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. राज्यातल्या विधी महाविद्यालयांचे दरवाजे तिने उघडतात. ही वाट दुय्यम मानू नये. सर्वाधिक काळ सरन्यायाधीश राहिलेले य. वि. चंद्रचूड पुण्याच्या आयएलएसचे. २०२५ साली सरन्यायाधीश झालेले भूषण गवई यांनी कायद्याची पदवी अमरावतीत घेतली.

अर्जाचे कामही पालकांनी हलके घेऊ नये. क्लॅटचे अर्ज साधारण पावसाळ्यात निघतात आणि परीक्षा डिसेंबरात, म्हणजे बारावीच्या लेखी परीक्षेच्या दोन-अडीच महिने आधी. खुल्या गटाला बारावीत किमान ४५ टक्के लागतात. वयाची वरची अट नाही. अर्जातले नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी ताडून पाहावे. अधिवास, जात, उत्पन्न यांचे दाखले वेळ खातात, तेव्हा मे महिन्यातच तहसील कचेरी गाठावी. आणि पाच वर्षांचा खर्च आधी मोजावा. राष्ट्रीय विद्यापीठांचे शुल्क वर्षाला लाखांत जाते. प्रवेश मिळाल्यावर पैशांसाठी धावाधाव करण्यापेक्षा कर्ज आणि शिष्यवृत्तीची चौकशी आधीच केलेली बरी.

एवढे करूनही यादीत नाव नाही आले, तर? पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएलबी आजही आहे. आणि सावकाश वाचण्याची, दुसऱ्याची बाजू ऐकून मगच बोलण्याची जी सवय दोन वर्षांत मुलाला लागली, ती कोर्टात कामी येईल तशीच घरातही. शहाणपण पायरी चढण्या-न चढण्यात नाही. डोळे उघडे ठेवून चढण्यात आहे.