टाइल्सच्या खाली काय आहे?

मे महिन्यात ओझरच्या आमच्या घराचं वरच्या मजल्यावरचं बाथरूम नवं केलं. आईचं लक्ष टाइल्सच्या रंगाकडे, माझं खालच्या वॉटरप्रूफिंगकडे. कारण टाइल्स पाणी अडवतात हा गैरसमज आहे. सांध्यांतून पाणी झिरपतंच. म्हणून टाइल्स बसवण्याआधी नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून निदान २४ तास पाणी साठवून ठेवायचं. मिस्त्री म्हणाला, "काही गरज नाही." बाबा अडून बसले. सकाळी बघतो तर खाली आजीच्या खोलीच्या छताला ओल! पाइपाच्या कडेला फट राहिली होती. ती बुजवली, पुन्हा २४ तासांची व्हायवा घेतली. या वेळी पास. मग ट्रॅपकडे मीटरला एक-दीड सेंटिमीटर उतार देऊन टाइल्स बसवल्या. मित्रांनो, घरी काम निघालं तर हा एक दिवस वाचवू नका. नंतर गळती सापडली, तर नव्याकोऱ्या टाइल्स फोडाव्या लागतात!