गडाच्या तटावरचे पांढरे-नारिंगी चट्टे

साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याचा तट असो, वा सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वरची जुनी दगडी देवळं. तिथे दिसणाऱ्या पांढऱ्या-नारिंगी चट्ट्यांना लोक चुन्याचे डाग म्हणतात, नाहीतर शेवाळ. बऱ्याचदा ते यांपैकी काहीच नसतं. ते असतं शैवाक: बुरशी आणि तिच्या आश्रयाने राहून अन्न तयार करणारं शैवाल यांचं सहजीवन. स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी हे १८६७ साली मांडलं, तेव्हा अनेक अभ्यासकांनाही ते पटलं नव्हतं.

मसाल्यातलं दगडफूलही शैवाकच, पण पानासारखं पसरणारं, बहुधा झाडाच्या सालीवरून सोलून काढता येणारं. तटावरचं कवचासारखं शैवाक दगडात इतकं रुतलेलं असतं की दगडाचा कपचा काढल्याशिवाय ते सुटत नाही.

सर्वांत पक्का गैरसमज ओळखीबाबतचा आहे. ‘नारिंगी आहे ना, मग कॅलोप्लाका’ असं शैवाकाच्या एका प्रजातीचं नाव फोटो पाहून सांगितलं जातं. हा अंदाज झाला, ओळख नव्हे. आधी भिंगातून फळं पाहायची, म्हणजे पृष्ठभागावरच्या बारीक चकत्या. चकतीची कड शैवाकाच्याच रंगाची असेल, तर लेकॅनोरा या प्रजातीचा विचार करता येतो. काळ्या चकत्यांना तशी कड नसेल, तर बुएलिया या प्रजातीचा. मग रसायन. कॅलोप्लाकाच्या नारिंगी रंगद्रव्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब पडला की ते जांभळट लाल होतं. पण तेवढ्यानेही प्रजाती ठरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहावेच लागतात: लेकॅनोराचे रंगहीन, एकाच कप्प्याचे, बुएलियाचे तपकिरी, सहसा दोन कप्प्यांचे, कॅलोप्लाकाचे रंगहीन, दोन टोकांना कप्पे आणि मध्ये जाड पडदा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला शैवाकांचा नमुनासंग्रह अशा तपासणीतूनच उभा राहिला आहे.

‘शैवाक दिसलं म्हणजे हवा शुद्ध’ हेही सरसकट खरं नाही. काही जाती धुळीच्या, धुराच्या शहरातही तग धरतात.

राहिला दगड खराब होण्याचा प्रश्न. बुरशीचे तंतू आणि त्यांची आम्लं दगड झिजवतात, हे खरं. पण फार हळू. जत्रेआधी देऊळ उजळवण्यासाठी अ‍ॅसिड आणि तारेचा ब्रश वापरला, तर चुन्याचे सांधे आणि कोरीव काम एका दिवसात दुखावतं, आणि ओल राहिली तर शैवाक परत येतंच. कवचरूप शैवाक वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढतं; तळहाताएवढा चट्टा अनेक दशकांचा असू शकतो. म्हणून गडावर जाल तेव्हा भिंग न्या, फोटो काढा, आणि खरवडू नका.