संबंध वास्तव आहेत काय? : सिरपूरच्या निमित्ताने

रायपूरहून सुमारे ८० किलोमीटरवर महानदीकाठी असलेले सिरपूर पूर्वी रायपूर जिल्ह्यात होते. १९९८ साली महासमुंद हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सिरपूर त्यात गेले. गाव मात्र तसूभरही हलले नाही. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात येऊन रायपूर राजधानी झाले, तेव्हाही त्या शहराची एक वीट जागची ढळली नव्हती. वस्तू तशाच राहतात, संबंध बदलतात, असे आपण म्हणतो. परंतु ज्याच्या येण्याजाण्याने वस्तूत काहीच घडत नाही, ते अस्तित्वात आहे असे तरी का मानावे?

वैशेषिकांनी संबंधांचे वास्तवत्व निःशंकपणे मानले. दोन विटा एकमेकींस भिडल्या की 'संयोग' नावाचा गुण उत्पन्न होतो आणि त्या विलग होताच नष्ट होतो. धागे व वस्त्र यांसारख्या, एकमेकांपासून वेगळे काढता न येणाऱ्यांसाठी तर त्यांनी 'समवाय' हा स्वतंत्र पदार्थच कल्पिला. साधारण सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने 'संबंधपरीक्षा' या छोट्याशा ग्रंथात नेमका यावरच आघात केला. संबंध म्हणजे परतंत्रता म्हणावी, तर जी वस्तू सिद्ध आहे तिला परतंत्रता कशाची? आणि जी सिद्धच नाही, तिच्या बाबतीत परतंत्र होणार कोण? संबंध म्हणजे दोन रूपांची एकजीवता म्हणावी, तर ती दोन आहेत तोवर एकजीवता नाही. एक झाल्यावर संबंध कोणाचा? दोहोंना जोडणारे तिसरे काही मानले, तर ते तिसरे त्या दोहोंशी कशाने जोडले, हा प्रश्न उरतोच व अनवस्था ओढवते. समवायाविरुद्ध शंकराचार्यांनीही अनवस्थेचाच दोष दाखविला. इंग्लंडमध्ये ब्रॅडलेने १८९३ मध्ये जवळपास हीच अडचण मांडली. धर्मकीर्तीचा निष्कर्ष असा की, वस्तू आपापल्या ठायी अमिश्र असतात; त्यांचे मिश्रण करते ती कल्पना.

युक्तिवाद बिनतोड वाटतो. त्याची कसोटी पाहण्यास सिरपूरची भूमीच उपयोगी पडावी. १९५० च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सागर विद्यापीठाच्या वतीने तेथे उत्खनन केले, तेव्हा विटांचा एक बौद्ध विहार उजेडात आला. तेथे मिळालेल्या शिलालेखामुळे तो महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळातील, भिक्षू आनंदप्रभाचा विहार म्हणून ओळखला गेला. यातील 'तेथे' हा शब्द महत्त्वाचा. तोच लेख कोणा व्यापाऱ्याच्या दुकानात मिळाला असता, तर शिळा तीच, अक्षरेही तीच. पण या भिंतींविषयी त्याने काही सांगितले नसते. पुरातत्त्वज्ञ वस्तूइतकाच तिच्या जागेचा, थराचा, शेजारच्या वस्तूंचा शोध घेत असतो. चोरट्या खोदकामात मूर्ती शाबूत राहते आणि तरीही काहीतरी कायमचे नाहीसे होते. संबंध जर निव्वळ कल्पना असतील, तर नाहीसे झाले ते काय?

यावर, गमावली ती केवळ आपली माहिती, असे उत्तर देता येईल. परंतु थराची नोंद चुकू शकते, आणि ती चुकली असे म्हणताना नोंदीबाहेरच्या कशाशी तरी आपण तिची तुलना करीत असतो.

म्हणून, आमच्या मते, धर्मकीर्तीने खोडून काढला तो संबंध नावाचा तिसरा पदार्थ. वस्तूंची अमुक रीतीने असलेली स्थिती नव्हे. नव्य नैयायिकांनी 'स्वरूपसंबंध' मानून, म्हणजे काही ठिकाणी वस्तूचे स्वरूपच संबंधाचे कार्य करते असे म्हणून, अनवस्था टाळली ती याच वाटेने. सर्व संबंधांना एकच न्याय लावणेही बरोबर नाही. रायपूरचे राजधानीपण कायद्याने निर्माण झाले, कायद्याने काढूनही घेता येईल. रायपूर नागपूरच्या पूर्वेस आहे, हे मात्र कोणाच्या संमतीवर अवलंबून नाही. खुद्द धर्मकीर्तीच्या अनुमानविचाराचा आधारही हेतू आणि साध्य यांमधील 'प्रतिबंध' हाच आहे : धूर अग्नीपासून उत्पन्न होतो, म्हणूनच तो अग्नीचे अनुमान करू देतो. अग्नी व धूर यांहून वेगळे असे कार्यकारणभाव नावाचे काही नाही, हे त्याचे म्हणणे मान्य केले, तरी अग्नी असता धूर होतो व नसता होत नाही, एवढे त्यालाही जगाकडूनच घ्यावे लागते.