दुखणे कमरेचे, प्रश्न पोटाचा

अंबरनाथ पश्चिमेच्या बुवापाड्यात हातावर पोट असलेली कुटुंबे दाटीने राहतात. अशा वस्तीत कुणी पाळीभर यंत्रापुढे उभा असतो, कुणी पोती उचलतो, कुणी दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली असते. येथे कंबरदुखी हा आजार मानलाच जात नाही. तो कामाचा भाग समजला जातो. दुखणे अंगावर काढायचे, फारच झाले तर दुकानातून गोळी आणायची, हा शिरस्ता.

गोळीने एक पाळी निभते, कंबर सुधारत नाही. शिवाय वेदनाशामक गोळ्या मनानेच वर्षानुवर्षे घेतल्यास जठर आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मग गोळीवाचून करायचे काय?

तीन महिन्यांहून अधिक टिकलेली वेदना वैद्यकशास्त्र जुनाट मानते. ताज्या जखमेत वेदना ही धोक्याची घंटा असते; जुनाट दुखण्यात पुष्कळदा जखम भरली तरी घंटा वाजतच राहते. म्हणून अंथरूण धरणे हा उपाय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी दिलेल्या सूचनांत व्यायाम, दुखण्याची नीट समज आणि मनाच्या उपचारांना स्थान आहे. आपल्याकडचे लाडके उपाय, म्हणजे कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणे, सरसकट करू नयेत, असेही त्यात म्हटले आहे.

पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शरीर हेच त्यांच्या व्यवसायाचे साधन. १९७९ साली, साठी उलटल्यावर, स्कूटरच्या अपघातांत ते जायबंदी झाले. त्यांनी साधी आसने पहिल्यापासून पुन्हा गिरवली, आधाराला साधने घेतली आणि पुढे अनेक वर्षे शिकवत राहिले. त्यांच्यासारखी आसने सर्वांना जमणार नाहीत. पण शरीराच्या नव्या मर्यादेप्रमाणे कामाची रीत बदलण्याचा धडा कुणालाही घेता येईल.

बरे वाटले की दुप्पट काम आणि मग तीन दिवस आडवे, हे चक्र आधी मोडायला हवे. दुखू लागण्यापूर्वीच, घड्याळ पाहून, उठावे किंवा बसावे. ओझे दोन खेपांत न्यावे. टेबलाची उंची वाढवावी. रोज थोडे चालावे. हमालाला भांडारातले काम, शिलाई करणारीला कटिंग किंवा तपासणी मिळाली, तर हातातले कौशल्य वाया जात नाही.

अडचण येथेच आहे. हलके काम म्हणजे हलका पगार. आणि कंत्राटी कामगाराने दुखणे सांगितले, तर ‘उद्यापासून येऊ नकोस’ हे उत्तर ठरलेले. उभ्याने काम करणाऱ्यांना अधूनमधून बसायची सोय द्यावी, असे कारखाने कायद्याने १९४८ सालीच सांगितले होते. ते स्टूल किती कारखान्यांत पोचले?

एक इशारा मात्र हवा. पायातली शक्ती कमी होणे, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप किंवा अकारण घटणारे वजन, यांपैकी काहीही असल्यास तडक इस्पितळ गाठावे. डॉक्टरांनी दिलेले औषधही परस्पर बंद करू नये.

व्यायाम कामगाराने करायचा, हे खरे. पण रोज आठ तास कंबर मोडणारे काम तसेच ठेवून पहाटेच्या अर्ध्या तासाकडून चमत्कार मागणे अन्यायाचे आहे. कामाची मांडणी बदलणे हाही उपचारच आहे आणि तो मालकाच्या हाती आहे.