नट, दिग्दर्शक आणि निर्माता

शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ असे विनोदाचे प्रकार आपण मराठीच्या तासाला शिकतो. पैकी शब्दनिष्ठ विनोद नट आपल्या जिभेवर तोलू शकतो. प्रसंगनिष्ठ विनोदाचे तसे नाही. कोणाला काय ठाऊक आहे, कोणापासून काय लपले आहे आणि दार नेमके केव्हा उघडते, यावर तेथे सारा हशा अवलंबून असतो. आणि चित्रपटात दार उघडण्याची वेळ नट ठरवीत नाही, दिग्दर्शक ठरवितो. विनोदी नट दिग्दर्शनाकडे का वळतो, याचे एक कारण येथे सापडावे. श्री. सचिन पिळगांवकर यांची वाटचाल या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

१९५७ साली जन्मलेले सचिन पाच वर्षांच्या आगेमागे ‘हा माझा मार्ग एकला’ या चित्रपटात चमकले. त्याचे दिग्दर्शक राजा परांजपे हे स्वतः उत्तम नट. ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) या चित्रपटात त्यांनी नायकाची भूमिका व दिग्दर्शन दोन्ही सांभाळले होते. तेव्हा एकच माणूस कॅमेऱ्यापुढे आणि कॅमेऱ्यामागे उभा राहू शकतो, हे या बालनटाने प्रथमपासूनच पाहिले. पुढे ‘गीत गाता चल’ (१९७५) आणि ‘अखियों के झरोखों से’ (१९७८) या हिंदी चित्रपटांचे ते नायक झाले. १९८२ साली त्यांचा ‘नदिया के पार’ विलक्षण गाजला, आणि त्याच साली त्यांनी ‘मायबाप’ हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. नटाला कामे मिळेनाशी झाली म्हणून तो दिग्दर्शक बनला, असे येथे म्हणताच येत नाही. ऐन भरात असताना त्यांनी ही जोखीम पत्करली.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) पाहिला नाही असे मराठी घर आपल्या सीमाभागातही क्वचितच असेल. मूळ कथानक ‘बीवी और मकान’ (१९६६) या हृषीकेश मुखर्जींच्या हिंदी चित्रपटाचे. त्याला अस्सल मराठी बाज चढविला तो वसंत सबनीस यांच्या लेखणीने. पुण्यात लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून चार मित्रांपैकी दोघे साडी नेसतात. पुरुषाने स्त्रीवेष घेणे आपल्याला नवे नाही. जत्रेतील बयलाटातही ती प्रथा जुनीच. पण बयलाटात सर्वांनाच ते ठाऊक असते. येथे प्रेक्षकाला सारे ठाऊक, आणि लीलाबाईंना काहीच नाही! हे अंतर अडीच तास टिकवून धरावयाचे, हीच दिग्दर्शकाची खरी कसोटी. एक दृश्य लवकर तोडले तर हशा अर्धवट राहतो. लांबविले तर प्रेक्षक लीलाबाईंच्या भोळेपणावर विश्वास ठेवीनासा होतो. सचिन यांनी स्वतः ‘सुधा’ रंगविली, परंतु हशाचा मोठा वाटा अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पदरात टाकला. नटाला हे जड जाते. दिग्दर्शकाला करावेच लागते.

दूरदर्शनवर १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘तू तू मैं मैं’ या हिंदी विनोदी मालिकेत तर त्यांनी बहुतेक सारे रण सासूसुनेच्या हाती सोपविले. सून सुप्रिया पिळगांवकर, सासू रीमा लागू. गंमत अशी की, या सासूबाई सुनेहून अवघ्या नऊ वर्षांनी मोठ्या आणि खुद्द दिग्दर्शकाहून लहान होत्या! मालिकेत घर तेच, माणसे तीच. दर भागात भांडणाचे निमित्त मात्र नवे शोधावे लागते.

निर्मात्याचे काम याहून निराळे. नट आपल्या भूमिकेपुरता जबाबदार, दिग्दर्शक सर्व चित्रापुरता. निर्मात्याला मात्र पैसा उभा करावा लागतो आणि चित्रपट पडला तर तो गमवावाही लागतो. सचिन यांच्या ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) या चित्रपटाचा मोठा भाग गणपतीपुळ्याच्या वाटेवरील एस. टी. बसमध्ये घडतो. एकाच गाडीत सर्व पात्रे कोंडली की पळून जायला जागा उरत नाही आणि प्रसंगातून प्रसंग निघतो. माझ्या मते बस हीच तेथील खरी नायिका! वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याचा दुसरा भाग आला. या खेपेस मंडळी कोकण रेल्वेने निघाली होती.