विश्लेषण : व्हिसाची मुदत संपली, पैसेही अडले... आखातात अडकलेल्यांपर्यंत घरची मदत कशी पोहोचवावी?

कोकणातून, मुंबईतून आणि राज्याच्या इतर भागांतून नोकरीच्या शोधात पर्यटक व्हिसावर दुबई-शारजाला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. काम मिळत नाही, व्हिसाची मुदत उलटते, दंड रोज वाढत जातो आणि खिसा रिकामा होतो. अशा वेळी घरचे मदत करायला तयार असतात, पण पाठवलेला पैसा संबंधितापर्यंत पोहोचत नाही. असे का होते आणि त्यातून वैध मार्ग कोणते, याविषयी...

मुदत संपल्यावर दंड किती?

संयुक्त अरब अमिरातीत (यूएई) २०२२च्या अखेरीपासून पर्यटक आणि निवासी व्हिसासाठी एकच दर आहे : दिवसाला ५० दिरहम. एका दिरहमला साधारण २४ रुपये धरले तर दिवसाचे १,२०० रुपये होतात. महिनाभरात हा आकडा १,५०० दिरहम म्हणजे ३६ हजार रुपयांवर, तर तीन महिन्यांत ४,५०० दिरहम म्हणजे एक लाख आठ हजार रुपयांवर जातो. देश सोडण्याच्या परवान्याचे शुल्क याखेरीज लागू शकते. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात यूएईने दंड माफ करून प्रवेशबंदीविना मायदेशी परतण्याची मुभा दिली होती. मात्र अशी माफी कायमची सोय नसते. ‘पुन्हा माफी येईल’ या आशेवर थांबणाऱ्याच्या नावावरचा दंड थांबत नाही.

पैसे स्वीकारणे हा गुन्हा आहे का?

नाही. मुदतीपेक्षा जास्त राहणे हा त्या देशाच्या इमिग्रेशन कायद्याचा भंग आहे. घरच्यांनी पाठवलेले पैसे घेणे हा वेगळा गुन्हा ठरत नाही. अडचण येते ती ओळखपत्राच्या पायरीवर. यूएईत मनी एक्स्चेंजच्या काउंटरवर रहिवाशाकडे एमिरेट्स आयडी, तर पर्यटकाकडे पासपोर्ट आणि व्हिसा मागितला जातो. मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे कर्मचाऱ्याला ग्राहकाची खातरजमा करावीच लागते. व्हिसा संपलेला दिसला की तो व्यवहार नाकारू शकतो. निवासी व्हिसा आणि एमिरेट्स आयडीची मुदत संपलेल्यांचे स्थानिक बँक खाते किंवा कार्डही बँक रोखू शकते. पासपोर्ट मालकाने काढून घेतला असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. तिथल्या कायद्यानुसार कामगाराचा पासपोर्ट मालकाला ठेवून घेता येत नाही, तरीही हे प्रकार घडतात.

भारतातून रोख पाठवणे शक्य आहे का?

अनेक कुटुंबांचा इथे गोंधळ होतो. परदेशातून घरी पैसे येतात त्याच ‘मनी ट्रान्सफर’च्या दुकानातून उलट पैसेही पाठवता येतील, असे त्यांना वाटते. रिझर्व्ह बँकेच्या ‘मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम’मध्ये फक्त भारतात येणारे पैसे स्वीकारता येतात, बाहेर पाठवण्यास परवानगी नाही. बाहेर पैसे पाठवायचे तर बँकेसारख्या अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडून ‘लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम’खाली (एलआरएस) पाठवावे लागतात. तिची मर्यादा प्रत्येक आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर आहे. त्यासाठी पॅन आणि ए-२ अर्ज लागतो. नातेवाइकाचा निर्वाह किंवा भेट असे खरे कारण नोंदवावे लागते. १ एप्रिल २०२५पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस लागत नाही, त्यामुळे दंड आणि तिकिटापुरत्या रकमेला कराची अडचण येत नाही. अडचण आहे ती पलीकडच्या चालू बँक खात्याची.

मग वैध पर्याय कोणते?

पहिला पर्याय त्याच्याच भारतीय खात्याचा. घरच्यांनी त्याच्या इथल्या बचत खात्यात पैसे भरले की तिथल्या एटीएममधून ते डेबिट कार्डाने काढता येतात. या व्यवहारात स्थानिक ओळखपत्राचा प्रश्न येत नाही. मात्र कार्डाचा परदेशी वापर सुरू असला पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमांनंतर नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी मिळतात आणि परदेशी वापर ग्राहकाने अॅपवरून स्वतः सुरू करायचा असतो. त्यासाठी भारतीय सिम चालू ठेवणे महत्त्वाचे, कारण ओटीपी त्यावरच येतो. दुसरा पर्याय फॉरेक्स कार्डाचा. जाताना ते घेतले असेल तर ते देणाऱ्या बँकेकडे विचारून घरच्यांना त्यात भर घालता येते.

तिसरा पर्याय अनेकदा सर्वांत सोपा असतो : पैसा पोहोचवण्याऐवजी खर्चच इथून भागवणे. परतीचे विमान तिकीट भारतातून काढता येते. दुबईच्या व्हिसाचा दंड ‘जीडीआरएफए’, तर इतर अमिरातींचा ‘आयसीपी’ या सरकारी यंत्रणांच्या संकेतस्थळांवर तपासता आणि भरता येतो. अडकलेल्या माणसाच्या हातात मग फक्त जेवण, खोली आणि विमानतळापर्यंतच्या प्रवासापुरते पैसे लागतात.

मित्राच्या खात्यावर पाठवले तर?

परदेशस्थ व्यक्तीला भेट म्हणून पैसे पाठवण्यास एलआरएसमध्ये मुभा आहे. त्यामुळे वैध निवासी असलेल्या विश्वासू नातेवाइकाच्या खात्यावर रक्कम पाठवता येते. पण दुसऱ्याचा आयडी दाखवून स्वतःची रक्कम उचलणे किंवा दुसऱ्याचे एटीएम कार्ड वापरणे दोघांनाही अडचणीत आणते. अनोळखी माणसाने ‘माझ्या खात्यात मागव, कमिशन दे’ असे सांगितले तर तो सापळा असण्याची शक्यता मोठी. ते खाते इतर गैरव्यवहारांसाठी वापरले जात असेल तर चौकशीत पाठवणाऱ्याचे नावही येते. मुदत संपलेल्या व्यक्तीला आसरा किंवा काम देणे हाही यूएईत गुन्हा आहे, त्यामुळे मदत करणाऱ्या मित्राने स्वतःच्या जोखमीचा विचार करावा.

हवालाचा मार्ग का टाळावा?

‘इथे रुपये द्या, तासाभरात तिथे दिरहम मिळतील’ हा पर्याय कागदपत्रे मागत नाही, म्हणूनच तो मोहात पाडतो. मात्र अधिकृत विक्रेत्याला वगळून केलेला असा व्यवहार ‘फेमा’ या १९९९च्या कायद्याचा भंग आहे. त्यात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे मध्येच गायब झाले तर तक्रार करायला जागाही उरत नाही.

दूतावासाकडून काय मदत मिळते?

अबू धाबीतील भारतीय दूतावास आणि दुबईतील वाणिज्य दूतावास यांच्याकडे ‘इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड’ आहे. २००९मध्ये सुरू झालेल्या या निधीतून अत्यंत अडचणीतील भारतीयांना निवास, जेवण, परतीचे तिकीट आणि कायदेशीर साह्य मिळू शकते. कामगाराची प्रथमदर्शनी चूक नसेल तर बेकायदा वास्तव्याचा दंडही त्यातून भरता येतो. ही मदत गरज तपासून दिली जाते, ती हक्काची रक्कम नव्हे. पासपोर्ट हरवला किंवा संपला असेल तर भारतात परतण्यापुरते ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ मिळते. कुटुंबीयांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर इथूनच तक्रार नोंदवता येते.

कुटुंबाने सर्वांत आधी काय करावे?

‘तुमचा मुलगा पकडला गेलाय, दंड भरा’ असा फोन आला तर आधी मुलाशी व्हिडीओ कॉलवर बोलावे. त्याच्या पासपोर्टचे आणि व्हिसाचे फोटो मागवून दंडाची नेमकी रक्कम सरकारी संकेतस्थळावर तपासावी. एजंटाने सांगितलेला आकडा खरा धरू नये. मालकाने कामावरून पळून गेल्याची तक्रार नोंदवली आहे का, हेही विचारावे, कारण तसे असल्यास नुसता दंड भरून सुटका होत नाही. त्यानंतर दंड, परवाना, तिकीट आणि दहा-बारा दिवसांचा खर्च अशी बेरीज करून तेवढीच रक्कम उभी करावी. दर महिन्याला थोडे थोडे पाठवत राहिल्यास मुक्काम लांबतो आणि महिन्याला दीड हजार दिरहमचा नवा दंड चढतो. घरून गेलेला प्रत्येक रुपया त्याच्या परतीच्या कामी यावा, हा हिशेब पहिल्याच आठवड्यात मांडलेला बरा.