गाठ, सुई आणि बाई

तळोजाच्या औद्योगिक वसाहतीत मासळी निर्यात करणारे कारखाने आहेत. त्यांपैकी एकात कंत्राटावर कोळंबी सोलणाऱ्या आमच्या वस्तीतल्या एका बाईच्या डाव्या स्तनात गाठ आली. सात महिने ती गाठ पदराखाली घेऊन ती कामावर जात राहिली. खारघरला टाटा स्मारक केंद्राची अॅक्ट्रेक ही संस्था आहे. तळोजाहून ती काही दूर नाही. २०२३ च्या नोव्हेंबरपासून पेंधरहून मेट्रोही सुरू झाली आहे. तरी ती गेली नाही. विचारले तेव्हा म्हणाली, “बाई, तिथं सुई खुपसतात. गाठीला लोखंड लागलं की ती चिडते, मग अंगभर पसरते. माझ्या चुलतसासूचं तसंच झालं.”

हे अज्ञान आहे असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. आपल्यातले शिकलेले लोकही तेवढेच करतात. परंतु या भीतीमागे पाहिलेले मरण आहे, आणि पाहिलेल्या मरणाशी वाद घालायचा तर सुईने नेमके काय होते हे आधी आपल्याला नीट ठाऊक पाहिजे. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी ते समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

स्तनातली गाठ हाताला लागते, मॅमोग्राफीत किंवा सोनोग्राफीत दिसते; पण ती कर्करोगाची आहे की साधी, हे हात सांगू शकत नाही आणि फोटोही सांगू शकत नाही. दोघेही फक्त संशय घेतात. निर्णय देते ती सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी. त्यासाठी गाठीतला कण बाहेर काढावा लागतो. या कण काढण्यालाच बायोप्सी म्हणतात. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे इथेच सांगितले पाहिजे; कारण बायोप्सी म्हणजे कॅन्सर निघालाच, असे समजून घरात रडारड सुरू झालेली मी पाहिली आहे.

सर्वांत साधा प्रकार बारीक सुईचा. रक्त काढायला वापरतात तशीच, किंबहुना त्याहून बारीक सुई असते. डॉक्टर दोन बोटांत गाठ धरतात, सुई आत घालून थोडी मागेपुढे करतात आणि आत आलेल्या पेशी काचेवर पसरतात. बहुधा भूल देत नाहीत; काम पाचदहा मिनिटांचे. बायका सांगतात की टोचण्यापेक्षा गाठ दाबून धरलेली जास्त दुखते. या तपासणीची मर्यादा अशी की हाती सुट्या पेशी येतात, मांसाचा सलग तुकडा येत नाही. विटा मिळाल्या, भिंत कशी होती ते कळले नाही, असा प्रकार. कधी पेशी पुरेशा येत नाहीत आणि पुन्हा बोलावतात. हे पुन्हा बोलावणे फार घातक ठरते. “परत बोलावलं म्हणजे काहीतरी वाईट निघालं” असे समजून कितीतरी बायका तिथूनच मागे फिरतात. नमुना अपुरा आला, एवढे एक वाक्य मराठीत सांगायला कुणाला वेळ नसतो.

म्हणून हल्ली संशय दाट असला तर जाड सुईची, म्हणजे कोअर बायोप्सी करतात. हात डोक्याकडे घेऊन बाईला निजवतात. आधी कातडीत भुलेचे इंजेक्शन देतात. ते काही क्षण आग करते, आणि बहुतेकींच्या मते खरे दुखणे तेवढेच. मग कातडीला दोनतीन मिलिमीटरची चीर देऊन सुई आत नेतात. ती स्प्रिंगच्या यंत्राला जोडलेली असते. खटका दाबला की मोठा ‘खट्’ आवाज होतो आणि शेवईएवढा बारीक मांसाचा तुकडा सुईत येतो. असे चारपाच वेळा करतात. आमच्यातली एकजण त्या आवाजाने टेबलावरून उठूनच बसली. “खिळा ठोकला असं वाटलं,” ती म्हणाली. दुखले का, तर नाही. पण आवाज होणार हे कुणी सांगितले नव्हते. दुसरीला नर्सने ते यंत्र आधी हवेत वाजवून दाखवले होते. ती शांत पडून राहिली. दोघींच्या अनुभवातला फरक त्या अर्ध्या मिनिटाचा आहे.

नंतर दहाएक मिनिटे जागा दाबून धरतात आणि पट्टी लावतात. आठवडाभर, कधी त्याहून अधिक, तिथे काळेनिळे राहते. एकदोन दिवस जड उचलू नका असे सांगतात. सांगणाऱ्याला हे सोपे वाटते. जिच्या घरात नळ नाही, जिला नगावर मजुरी मिळते, तिने हे दोन दिवस कुठून आणायचे? नोंदणीचा एक दिवस, सोनोग्राफीचा एक, सुईचा एक, अहवालाचा एक, आणि अहवाल तयार नसला तर आणखी एक. एवढे खाडे कंत्राटदार ऐकून घेत नाही. लोखंडाच्या भीतीआड हा हिशेबही लपलेला असतो, आणि तो सांगायची लाज वाटते म्हणून बाई लोखंडाचे नाव घेते, असे माझे मत झाले आहे.

या जाड सुईचा फायदा मोठा आहे. कर्करोग निघाला तर त्याच तुकड्यावर पुढच्या चाचण्या होतात: गाठ स्त्री-संप्रेरकांवर पोसते का, तिच्यावर ‘हर-टू’ नावाचे प्रथिन जास्त आहे का. कोणते औषध चालेल ते यावरून ठरते.

गाठ हाताला लागतच नाही, मॅमोग्राफीत फक्त चुन्याचे ठिपके दिसतात, अशा वेळी स्तन दोन पट्ट्यांत दाबून धरून यंत्राच्या नेमाने सुई घालतात. काही ठिकाणी हवेच्या शोषणाने तुकडे ओढून घेतात आणि जागेवर धातूची बारीक खूण ठेवतात. हलायचे नसते, मान आणि खांदा भरून येतो. ही तपासणी आपल्या वस्त्यांतल्या बायकांच्या वाट्याला क्वचित येते. त्या पोचतात तेव्हा गाठ सहज हाताला लागत असते.

आता चाकूच्या बायोप्सीविषयी. सुईने उत्तर मिळाले नाही तर शस्त्रक्रिया करून गाठ किंवा तिचा भाग काढतात; ते योग्यच आहे. परंतु गल्लीतल्या एखाद्या छोट्या दवाखान्यात सुई न घालताच “छोटी गाठ आहे, काढून टाकू” असे सांगून गाठ उकरून काढली जाते, तेव्हा अनर्थ होतो. कर्करोग असला तर तो अर्धवट राहतो आणि पुढच्या सर्जनला मूळ गाठ केवढी, कुठवर होती हे कळत नाही. एका बाईची अशी काढलेली गाठ तिच्या नवऱ्याच्या हाती बाटलीत घालून दिली गेली आणि ‘लॅबमध्ये द्या’ म्हणून सांगितले गेले. बाटलीत साधे पाणी होते. मध्ये रविवार आला. सोमवारी लॅबने सांगितले की तुकडा खराब झाला आहे. मांस टिकवायला फॉर्मॅलिन लागते, तेही तुकड्याच्या दहापट. आपल्याकडे ही बाटली पिशवीत घालून नातेवाइकानेच न्यायची पद्धत सर्रास आहे. तेव्हा बाटलीत काय आहे, वर नाव लिहिले आहे का, एवढे दोन प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावेत.

आणि लोखंडाचे काय? सुईच्या वाटेवर काही पेशी सरकू शकतात, हे खरे आहे. परंतु त्यांतल्या बहुतेक तिथेच मरतात, आणि सुईच्या तपासणीमुळे बाईचे आयुष्य कमी होते असे आढळलेले नाही. मग चुलतसासू का मेली? ती आली तेव्हाच रोग काखेत, हाडात पोचला होता. सुई आणि मरण एकामागून एक आले, म्हणून सुईने मारले असे दिसले. पूर्वी खेड्यात तार आली की पोस्टमनलाच शिव्या बसत, तसे हे झाले.

एकेकाळी मात्र भीती बाळगायला याहून सबळ कारण होते. बाईला पूर्ण भूल देत, गाठ काढत, ती निजलेली असतानाच गोठवलेला तुकडा तपासत, आणि कर्करोग निघाला की त्याच बैठकीत स्तन काढून टाकत. सही करून टेबलावर चढणाऱ्या बाईला आपण कशा उठणार हे ठाऊक नसे. अमेरिकेत रोझ कुशनर या पत्रकार बाईने स्वतः रोगी असताना या पद्धतीविरुद्ध झगडा केला. १९७९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने आधी बायोप्सी, मग बाईशी बोलणे आणि त्यानंतर शस्त्रक्रिया, असा क्रम मान्य केला. त्याच काळात कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड यांची १९७७ मधली बायोप्सी निर्दोष आली आणि १९७८ मधली कर्करोगाची. १९८० मध्ये ‘द कॅन्सर जर्नल्स’ प्रसिद्ध झाले. १९७२ मध्ये ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन उभी राहिलेली आपली चळवळ निग्रो वाङ्मय आवडीने वाचत असे. हे पुस्तक मात्र आपल्या चर्चांत फारसे आले नाही असे मला वाटते. भूक, मारझोड, गावकुसाबाहेरचे जिणे आपल्या लेखनात आले. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये बाळंतिणींचे हाल आहेत. पण दवाखान्याच्या टेबलावर पडलेली बाई अजून बोलायची आहे.

ती काय बोलेल? ती स्पर्शाविषयी बोलेल. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे १९२९ मध्ये ‘यंग इंडिया’त आलेले पत्र दिले आहे. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. शेवटी तिला वस्तीबाहेर आणवले, तेव्हा त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने शिक्षकाला दिले आणि शिक्षकाने बायकोला. ती वाचली नाही. बायोप्सी अशी दुरून करता येत नाही. तिथे हाताने शरीर चाचपावेच लागते. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली. पण शिवणे वेगळे आणि माणूस म्हणून शिवणे वेगळे. पडदा न ओढता पदर काढायला सांगतात, भोवती विद्यार्थी उभे करून तिच्या शरीरावरून इंग्रजीत बोलतात, आडनाव वाचून आवाज बदलतो, आणि अहवाल हाती आल्यावर तिला बाहेर बसवून नवऱ्याला आत बोलावतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांना पाठवलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचा, माहिती देऊनच संमती घेतली जाण्याचा आणि आपले कागद मिळण्याचा हक्क नमूद आहे. हे कागद वस्तीत पोचवायचे काम आपले.

नीट शिकवलेला हात काय करू शकतो, याचा पुरावा मुंबईतच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांचा अभ्यास सुरू केला. वीस विभागांपैकी निम्म्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तपासल्या गेलेल्या बायकांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी व त्यापुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. सर्व वयांचा एकत्र विचार केला तर घट पंधरा टक्क्यांची दिसली, आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीला निश्चित म्हणावी अशी नव्हती. हेही सांगितले पाहिजे. यंत्र नाही, वीज नाही, फक्त बाईने बाईला तपासणे. मात्र हाताने पकडलेली गाठ सुईपर्यंत पोचली नाही तर तो हात फुकट जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचा उपचार बसतो. पण मंजुरी मागायची तर आधी बायोप्सीचा अहवाल जोडावा लागतो. म्हणजे योजनेच्या दाराची किल्लीही ही सुईच.

कोळंबी सोलणारी ती बाई अखेर गेली. शेजारणीने तिच्याबरोबर खाडा केला. जाड सुईची तपासणी झाली. खटका पाच वेळा वाजला, तिने मोजला. अहवालाच्या दिवशी नवऱ्याला हाक आली तेव्हा शेजारणीने तिला पुढे ढकलले, आणि डॉक्टरीणबाईंना “मॅडम, हिलाच सांगा, मराठीत सांगा,” म्हणाली. त्यांनी सांगितलेही, नीट, वीस मिनिटे. गाठ कर्करोगाची होती, संप्रेरकांवर पोसणारी. उपचार चालू आहेत. अहवालाची एक प्रत आणि लॅबमधून मागून आणलेल्या काचपट्ट्या तिने पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आहेत, रेशनकार्ड आणि जातीच्या दाखल्याबरोबर.